खळ लावणाऱ्या बाई

मोठ्या होत चाललेल्या मुलांच्या कादंबरीत मुलगा-मुलगी एकमेकांकडे बघून हसली, की त्या पानावर खळीने ब्राऊन पेपर चिकटवणारी बाई तुम्ही पाहिलीय का? मी पाहिली. मूळच्या कोकणातल्या, मराठी शाळेत शिकवायच्या, गुजराती मुलखाला लागून असलेल्या टोकरखाड्याच्या सरकारी क्वार्टर्समध्ये एकट्या राहायच्या. आमची चाळ मागेच होती. पोरं पाठीमागे त्यांना खळबाई म्हणायची. शाळेच्या कपाटातलं प्रत्येक पुस्तक आधी त्या घरी न्यायच्या. "मुलांच्या हाती काय पडतंय ते बघायला नको?" असं म्हणायच्या, आणि एकेक पुस्तक दोन-दोनदा बघायच्या.

खळ लावली की विषय संपला, अशी त्यांची समजूत. झालं काय, की पोरांना अख्खं पुस्तक चाळायची गरजच उरली नाही. जिथं जाड लागेल तिथं उघडायचं आणि चहाच्या वाफेवर धरायचं! जितकी खळ जास्त, तितकी पुस्तकाला मागणी. बिनठिगळाच्या पुस्तकाला कुणी हात लावत नसे. बाई मात्र कौतुकाने सांगत सुटायच्या, "आमच्या मुलांना वाचनाची गोडी कशी लागलीय बघा!"

माझी वंदना ती पुस्तकं आणायची आणि स्टोव्हपाशी बसून मीही वाचायचे. माझी शाळा चौथीत सुटलेली. पुसट झालेली अक्षरं या पुस्तकांनीच परत ठळक केली. एकदा बाईंनी मला पकडलं. "वंदनाची आई, ही सोळा वर्षांच्या मुलांची पुस्तकं. तुमचं काय काम?" मी म्हटलं, "बाई, सोळाव्या वर्षी माझ्या कडेवर वंदना होती. ते वर्ष राहूनच गेलं, ते आता वाचते." पुढच्या खेपेला पुस्तक आलं, त्यात खळ नव्हती.

टीव्हीला खळ कशी लावणार? दर बुधवारी कॉलेजातल्या मुलांची मालिका लागायची. आम्ही सगळे बाईंकडे जमायचो. अँटेना मुंबईकडे केली की मराठी, जरा हलली की गुजराती. जरा जवळिकीचा प्रसंग आला, की बाई उठून पडद्यापुढे उभ्या राहायच्या. पाठ आमच्याकडे आणि तोंड टीव्हीकडे. "शी शी, काय हे!" म्हणत स्वतः सगळं बघायच्या, आणि संपलं की बसायच्या.

वंदना दहावीला होती तेव्हा आमच्या ह्यांनी धुळ्याकडचं स्थळ आणलं. पोरगी म्हणाली, "मला कॉलेजला जायचंय." झालं! सायली गावातल्या कारखान्यातून शिफ्ट सुटली तसे हे तडक बाईंकडे. एवढी सोवळी बाई, आपलीच बाजू घेणार असं ह्यांना वाटलेलं.

"बाई, पोरगी डोक्यावर बसली. लग्नाला नाही म्हणते. तुम्हीच समजवा."

"आधी बसा. आणि बोलू नका," बाई म्हणाल्या. बुधवार होता ना!

मालिकेतला बापही नेमका हुशार लेकीचं कॉलेज सोडवून तिला उजवायला निघालेला. भाग संपला तसं ह्यांनी विचारलं, "मग? ऐकलं का तिने?"

"ते पुढच्या बुधवारी. तुमच्या वंदनाचंही तेव्हाच बोलू."

आणि हे चक्क हो म्हणाले! मालिकावाल्यांनी आमटीत पाणी वाढवावं तशी गोष्ट वाढवली. धुळ्याहून निरोपावर निरोप, हे आपले "बघतो, बघतो." शेवटी पाहुण्यांनी बजावलं, आषाढाआधी उरकायचं, नाहीतर आम्ही मोकळे.

त्याच उन्हाळ्यात बाई निवृत्त झाल्या. गावी निघायच्या आदल्या संध्याकाळी मालिकेचा शेवटचा भाग होता. सगळं सामान गोणपाटात, टीव्ही तेवढा बाहेर. आम्ही ट्रंकांवर बसलो. आणि त्या मुलीने काय करावं? बापाच्या पाया पडली, डोळे पुसले आणि बोहल्यावर उभी राहिली. सनई वाजली, नावं पळाली, संपलं.

हे ताडकन उठले. "ही काय रीत झाली? एवढी हुशार पोरगी, आणि धुणीभांड्याला लावली? त्या बापाला अक्कल नको?"

वंदना पायाच्या अंगठ्याकडे बघत बसलेली. बाईंनी टीव्ही बंद केला.

"धुळ्याच्या पाहुण्यांना काय कळवताय, तेवढं सांगा. माझी गाडी सकाळची आहे."

हे खाली बसले. टीव्हीची वायर गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. मग कुणाकडेच न बघता म्हणाले, "नाही म्हणून कळवतो." आणि तोंड लपवायला काहीतरी हवं म्हणून टीव्ही उचलून खोक्यात ठेवायला गेले.

"अहो, हळू!" बाई पदराने डोळे टिपत ओरडल्या. "पुढच्या गुरुवारी नवी मालिका सुरू होतेय."