मशीनच्या सुरात सूर मिसळणारी बाई

माझ्या सासूबाईंनी एकतीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात काजं करायच्या मशीनवर काढली. मशीन सुरू झालं की त्या ओठ मिटून त्याच्या घुंघुंमध्ये आपला सूर मिसळायच्या. दोघांचं जुळेनासं झालं की पट्टा सैल झालाय हे त्यांना मेकॅनिकच्या आधी कळायचं. तो त्यांना ‘डॉक्टरीणबाई’ म्हणायचा. निवृत्त झाल्यावर मशीन सुटलं, खोड सुटली नाही. पंखा, मोटर, फ्रिज, सगळ्यांना साथ. “फ्रिज दुखणाईत आहे गं,” असं त्या म्हणाल्या की दोन दिवसांत तो बंद पडलाच म्हणून समजा.

नवरा रेडिओ दुरुस्त करतो. मोडक्या रेडिओंचे भाग बिस्किटांच्या डब्यांत बसवून त्याने तीन वाद्यं बनवलीत. एक गुरगुरतं, एक शिट्टी मारतं, तिसऱ्याचा काही नेम नाही. त्यांच्या जोडीला मी बिनशब्दांचं गाते आणि पाणी भरलेलं पातेलं वाजवते. शेजारच्या मावशी म्हणतात, रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी.

तरी एका नाट्यगृहाने आम्हाला बोलावलं, आधी रेकॉर्डिंग पाठवा म्हणाले. आम्ही सात वेळा रेकॉर्ड केलं, सातही वेळा मागे बारीक घुंघुं. नवऱ्याने ट्रान्सफॉर्मर बदलला, तारा बदलल्या, अर्थिंग तपासलं. पंधरा दिवस गेले. शेवटी मी कानांना हेडफोन लावला, माईक हातात धरला आणि घरभर फिरले. घुंघुं स्वयंपाकघरात सापडली. सासूबाई डोळे मिटून लसूण सोलत होत्या आणि गुरगुऱ्या डब्याला साथ देत होत्या.

माझं डोकं आधीच तापलेलं. “आई, गप्प बसा हो जरा! तुमच्या या घुंघुंने आमची पार वाट लावली.”

त्यांचा हात थांबला. “माझं होतं होय ते? मला वाटलं, तुमच्यात बसतंय.”

मी तेव्हाच माफी मागायला हवी होती. मागितली नाही, कारण पुढचं रेकॉर्डिंग स्वच्छ आलं आणि मला आनंद झाला. हे सांगताना आजही शरम वाटते.

कार्यक्रमात टाळ्या पडल्या. पण गाताना मला कळत होतं, डबे एकीकडे आणि मी एकीकडे. मधे बसणारा सूर मीच गप्प केला होता. घरी येताना नवऱ्याला विचारलं, “आईंचा सूर हवा होता, हे तुला कळलं नव्हतं?”

“त्याच दिवशी कळलं. पण तू आईला बोललीस तेव्हा मी तोंड उघडलं नाही. मग कुठल्या तोंडाने बोलणार?”

मी सासूबाईंची माफी मागितली. “अगं, त्यात काय एवढं,” म्हणाल्या. पण आता फ्रिज सुरू झाला की त्या ओठ दाबून बाहेरच्या खोलीत जातात. परवा फ्रिज बंद पडला. या वेळी आधी कुणी सांगितलं नव्हतं.

काल मी त्यांना हाताला धरून बसवलं आणि त्या सातांतलं एक जुनं रेकॉर्डिंग लावलं. डबे, माझा आवाज, त्यांचा सूर. मान कलती करून त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

“छान झालंय गं,” त्या म्हणाल्या. “फक्त मागे कसली तरी घुंघुं येतेय. ती तेवढी काढून टाका.”