घासलेलं पाचवं नख

नोव्हेंबर १९६२, रविवारची सकाळ. एका थाळीसाठी मागितलेली रक्कम दोनशे रुपये. हजर: मी, माझी थोरली बहीण अक्का, चिकपेट बाजारातला जुन्या वस्तूंचा व्यापारी आणि आमच्या पुढच्या दोन खोल्यांत भाड्याने राहणारे चिनी दंतवैद्य.

सीमेवर लढाई पेटल्यापासून त्यांच्याकडे पेशंट फिरकत नव्हते. पाटीवर कोणीतरी शेण फासलं होतं. दर सोमवारी पोलीस चौकीत हजेरी. शेवटी आई, बायको, मुलगी आणि स्वतः, अशा चौघांनी कलकत्त्याला नातेवाइकांकडे जायचं त्यांनी ठरवलं. तिकीट माणशी अठ्ठेचाळीस, म्हणजे एकशे ब्याण्णव. विकण्याजोगी वस्तू एकच होती: त्यांच्या पणजोबांना चीनच्या राजवाड्यातून मिळालेली चिनी मातीची थाळी. पांढऱ्यावर निळा ड्रॅगन, भोवती ढग.

व्यापाऱ्याने ती उजेडात धरली. "अण्णा, नखं उडालीत ह्या ड्रॅगनची. साठ देईन."

"मग खंडितच की," अक्का म्हणाली. आमच्यात भंगलेली मूर्ती घरात ठेवत नाहीत. तिने थाळीलाही तोच नियम लावला.

दंतवैद्यांना आमचं मराठी समजायचं. ते कानडीत हळू म्हणाले, "उडालेली नाहीत. पाच नखांचा ड्रॅगन फक्त बादशहाचा. त्याने थाळी दुसऱ्या कोणाला दिली, की एक नख घासून टाकत."

"गोष्ट छान आहे," व्यापारी हसला. "साठच."

अक्काने चष्मा लावला आणि थाळी स्वतःकडे ओढली. बराच वेळ बघत बसली.

"काय रे, आपटून गेलं म्हणतोस, तर चारही पायांचं तेच नख बरं गेलं? इतका हिशेबी तडा तुझ्या बापाने तरी पाहिला होता का?"

त्याने एकेक पाय पाहिला. हसू गेलं. "सरी, अक्का, बरोबर तुमचं. पण चिनी माल आज मांडला तर दुकानाची काच फुटेल माझ्या. गुंडाळून माळ्यावर टाकायचा. एकशे पन्नास."

पुढे तो हलला नाही. बेचाळीस कमी पडत होते. ते मी देतो म्हणालो.

"उद्या चौकीत विचारतील, तिकिटाचे पैसे कुठले," दंतवैद्य म्हणाले. "थाळीचे म्हणून सांगता येईल. तुमचं नाव नको."

मी पुन्हा म्हटलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

व्यापाऱ्याने एकशे पन्नास मोजून त्यांच्या हातात ठेवले. दुपारी सिटी स्टेशनच्या खिडकीवर त्यांनी एकशे चव्वेचाळीस भरले, तीन तिकिटांचे: आई, बायको, मुलगी. उरलेले सहा रुपये वाटखर्चाला मुलीकडे दिले.