नवाबसाहेबांची बंदूक, अण्णांचा कान

अण्णांची बंदूक चाळीस हजारांची होती. तीच नवाबसाहेबांची ठरली की बारा लाखांची. बंदूक तीच, नळ्या त्याच, दस्त्यावरची चीरसुद्धा तीच. आबिड्समधल्या बंदुकांच्या दुकानात मी आणि माझा धाकटा भाऊ लाकडी बाकावर बसलो होतो आणि म्हातारा दुकानदार भाजीचा भाव सांगावा तसं हे आम्हाला सांगत होता.

अण्णा म्हणजे आमचे वडील. त्यांना जाऊन आठ महिने झाले होते. परवाना त्यांच्या नावावर होता, त्यामुळे ते गेल्यावर बंदूक घरात ठेवायची सोय नव्हती. ती या दुकानात जमा केली होती आणि आता विकायला काढली होती. भावाला मलकपेठेत लिफ्टवाला फ्लॅट घ्यायचा होता. मला काही नको होतं. निदान मी तसं सगळ्यांना सांगत होते.

दुकानदारानं बंदूक बिजागरीवर वाकवून नळ्यांतून उजेडाकडे पाहिलं. मग मिटवली आणि रिकामाच चाप ओढून दाखवला. "देखो बाईसाब, कित्ता सख्त है. जोर लगा के खेंचे तो चलती. अपने आप चलनेवाली चीज नहीं ये." म्हणजे माल चोख होता. पण चोख मालाचे चाळीस हजार.

"मग बारा लाख कशाचे?" मी विचारलं.

"नाम के. जुबिली हिल्स में एक साब हैं, इमारतां बांधते. उनकू बंदूक नक्को, बंदूकवाले का नाम होना. मगर नाम का कागज होना. कागज नहीं तो ऐसी दुनाली मेरे पास और छे पडी हैं."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "आणि आमच्या अण्णांनी जन्मभर ही सांभाळली, त्याचं काहीच नाही?"

तो ओशाळला. "मास्टरसाब बहोत शरीफ आदमी थे," म्हणाला आणि बंदूक फडक्यात गुंडाळायला लागला.

नवाबसाहेब मोठे शिकारी. मेलेल्या वाघावर पाय ठेवून उभे असलेले त्यांचे फोटो अजून इकडच्या हॉटेलांच्या भिंतींवर दिसतात. अण्णा तरुणपणी त्यांच्या देवडीवर, म्हणजे त्यांच्या वाड्यात, त्यांच्या दोन मुलांना गणित शिकवायला जायचे. पुढे त्यांच्याच घराण्याच्या शाळेत अण्णांना कायमची नोकरी लागली आणि तिथूनच ते रिटायर झाले. आमचं काचीगुड्यातलं दोन खोल्यांचं घर त्या पगारावर चाललं. आणि घरातल्या लोखंडी कपाटात, धोतरांच्या मागे, ही बंदूक. नवाबसाहेबांनी मास्तरांच्या हुशारीवर खूश होऊन आपली आवडती बंदूक बक्षीस दिली, असं आम्ही लहानपणापासून समजत आलो. समजत कसलं, मी तर गावभर मिरवलं! शाळेत सांगितलं, सासरी सांगितलं, नोकरीला लागल्यावर स्टाफरूममध्ये सांगितलं. माझ्याकडे बापाविषयी मिरवायला तेवढंच होतं, कारण बाकी अण्णा म्हणजे सायकल, छत्री आणि बहिरेपण.

त्यांचा डावा कान पार गेलेला होता. "लहानपणी तापात गेला," आई सांगायची. आम्ही दोघं भावंडं इतकी वाईट की त्यांच्या डाव्या बाजूला उभं राहून हळूच "बहिरोबा, बहिरोबा" म्हणायचो आणि खिदळायचो. ते पेपर वाचत राहायचे. मोठी झाल्यावर तर मी उघडच ओरडायला लागले. "अण्णा, ऐकू येत नाही का? किती वेळा सांगू?" चार पाहुण्यांसमोर, रिक्षावाल्यासमोर, जावयासमोर. "आमचे अण्णा ठार बहिरे आहेत हो, मोठ्यानं बोला," असं म्हणून मी हसायचे आणि तेही हसायचे. आज ते हसणं आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

खंडेनवमीला आमच्याकडे घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा व्हायची. आईची विळी, अडकित्ता, माझी कंपासपेटी, अण्णांची सायकल, त्यांचं पेन. सगळ्यांना हळदकुंकू, झेंडू. बंदूक मात्र कपाटातून कधी बाहेर आली नाही. घरात खरं हत्यार म्हणावं असं एकच, आणि पूजा अडकित्त्याची! मी दर वर्षी विचारायचे, "अण्णा, बंदूक?" ते डाव्या कानावर हात ठेवायचे, ऐकू आलं नाही म्हणून. मी उजव्या बाजूला जाऊन विचारलं तरी डाव्याच कानावर हात. आई म्हणायची, "राहू दे गं, नैवेद्य गार होतोय."

निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. अण्णा चादरीत गुंडाळलेली बंदूक रिक्षात आडवी धरून न्यायचे. मी दहा वर्षांची असताना एकदा त्यांच्याबरोबर गेले. रांगेत उभं राहून अण्णांचे पाय दुखायला लागले होते, जमादार कुणाकडे बघायला तयार नव्हता. मी ठणकावून सांगितलं, "ही नवाबसाहेबांची बंदूक आहे, त्यांनी आमच्या अण्णांना बक्षीस दिलीय!" जमादार उठलाच. अण्णांसाठी खुर्ची आली, चहा आला. मी फुगून टुम्म. अण्णांनी चहाला हात लावला नाही आणि बंदूक जमा झाल्याबरोबर माझा हात धरून तडक बाहेर पडले. मला वाटलं, मोठ्यांच्या मध्ये बोलले म्हणून रागावले.

तर कागद. कागद होता. परवान्याच्या प्लास्टिकच्या पाकिटात घडी घातलेला, देवडीच्या शिक्क्याचा, उर्दूत लिहिलेला. अण्णांचं शिक्षण उर्दूतून झालेलं. आम्ही मात्र हैदराबादेत जन्मून उर्दू फाडफाड बोलतो आणि वाचता ओ की ठो येत नाही. "काय लिहिलंय हो यात?" विचारलं की अण्णा म्हणायचे, "काय असणार, बक्षीस दिली म्हणून लिहिलंय." आम्ही तेवढ्यावर खूश.

बारा लाखांसाठी तो कागद आता वाचून घ्यायचा होता. मलकपेठेच्या ज्या शाळेत मी नोकरी केली तिथल्या उर्दूच्या जुन्या बाई, त्यांना आम्ही सगळे आपा म्हणतो, त्यांच्याकडे आम्ही दोघं गेलो. आपांनी चष्मा लावला, कागद डोळ्यांजवळ नेला, आधी मनातच वाचला. मग कागद मांडीवर ठेवून म्हणाल्या, "घर में किसीने पढ़ा नहीं ये?"

"नाही आपा. वाचा ना."

"नक्को सुनो बोले तो?"

भाऊ घाईवर आलेला. "आपा, गिऱ्हाईक थांबलंय."

मग आपांनी वाचलं आणि आपल्या हैदराबादी बोलीत आम्हाला समजावून सांगितलं. कागदात होतं ते असं. मास्तरसाहेब, रानडुकराच्या शिकारीच्या दिवशी तुम्ही जीपमध्ये पुढे बसला असताना जे झालं ती देवाची मर्जी. आमच्या हातून काही झालं नाही, बंदूक आपोआप उडाली. ज्या बंदुकीनं तुमच्या कानाला इजा झाली तीच आम्ही तुम्हाला बक्षीस देत आहोत. ती आमची आठवण म्हणून घरात ठेवावी, विकू नये. झाल्या गोष्टीची वाच्यता कुठे करू नये. शाळेतली तुमची जागा कायम समजावी.

खाली सही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत अण्णांचं नाव कुठेही नाही. नुसतं मास्तर.

आपोआप उडाली म्हणे! तो सख्त चाप मी दोनच दिवसांपूर्वी डोळ्यांनी बघितला होता. मेल्या, तुझ्या बोटानं ओढल्याशिवाय उडाली कशी? मास्तर पुढे बसलाय, त्याचं डोकं मध्ये आहे, हे दिसलं नाही? की समोर डुक्कर दिसल्यावर मास्तर दिसायचा बंद झाला? असं मी आपांच्या दिवाणखान्यात मोठमोठ्यानं बोलत होते आणि आपा माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या. ताप नाही, काही नाही. आईलाही ठाऊक होतं. आमची फी, माझी लग्नातली साडी, सगळं त्या एका कानाच्या बदल्यात आलेलं. आणि मी त्याच कानापाशी उभी राहून बहिरोबा म्हटलं होतं.

बाहेर आल्यावर भाऊ म्हणाला, "अक्का, वाईट झालं. पण एक आहे. बंदूक नवाबसाहेबांची, हे पक्कं झालं."

मी त्याला रस्त्यातच फाडून खाल्लं असतं. पण तो रडत होता. रडत रडतच बोलला, "अण्णा गेले, नवाब गेले. आता कुणासाठी झाकायचं? आपण झाकलं तर त्या नवाबाचंच झाकतोय ना?" हे त्याचं म्हणणं मला पटलं. खरंच पटलं. वाटलं, विकूया. कागदासकट विकूया. लोकांना कळू दे नवाबानं काय केलं आणि कुणाला केलं. आमच्या अण्णांचं नाव त्या बंदुकीशेजारी लागू दे. बास, मला एवढंच हवं होतं.

जुबिली हिल्सच्या साहेबांनी आम्हाला सोफ्यावर बसवलं, काजू पुढे केले. तेलुगू माणूस, बोलायला मिठ्ठास. दुकानदारानं त्यांना कागदाचा अर्थ आधीच सांगितला होता. मला वाटलं, हे ऐकून माणूस मागे सरेल, निदान मान खाली घालेल. तर त्यांचे डोळे चमकले! "मंची स्टोरी, मॅडम! फार छान स्टोरी! नवाबांच्या बंदुका आणखी दोघांकडे आहेत, पण किस्सा कुणाकडे नाही." आणि बाराचे पंधरा केले. अण्णांच्या कानाचे तीन लाख. भावानं माझ्याकडे पाहिलं नाही.

मी म्हटलं, "माझी एक अट आहे. बंदुकीशेजारी पाटी लावाल त्यात आमच्या वडिलांचं नाव आणि ते गणिताचे शिक्षक होते हे आलं पाहिजे."

"श्युअर मॅडम, नक्की." मी अण्णांचं पूर्ण नाव त्यांना कागदावर सुवाच्य अक्षरात लिहून दिलं. सरकारी परवानगी आली आणि बंदूक गेली.

चार महिन्यांनी त्यांनी आपला संग्रह बघायला काही मंडळींना बोलावलं, आम्हालाही. भाऊ नवा शर्ट घालून आला. काचेचं कपाट, आत पिवळा दिवा, मखमलीवर अण्णांची बंदूक. इतकी चकचकीत की क्षणभर ओळखलीच नाही. लोक वाकून वाकून बघत होते. खाली इंग्रजीत सोनेरी अक्षरांची पाटी. नवाबसाहेबांचं लांबलचक नाव, सगळ्या किताबांसकट. मग त्यांनी मारलेले वाघ. आणि शेवटची ओळ: याच बंदुकीतून एकदा चुकून उडालेल्या बारानं त्यांच्या एका नोकराचा कान गेला, तेव्हा दिलदार नवाबसाहेबांनी ही मौल्यवान बंदूकच त्याला बक्षीस देऊन टाकली.

मी साहेबांना गाठलं. "नोकर? मी शिक्षक लिहून दिलं होतं. नाव लिहून दिलं होतं."

"मॅडम, पत्रात नाव नाही ना. आणि पगार घेत होते म्हणजे..." ते अवघडून हसले. "शिवाय ते नाव वाचून कुणाला काय कळणार? लोक नवाबांसाठी येतात."

मी मोठ्यानं म्हटलं, इतक्या मोठ्यानं की सगळी मंडळी वळली, "या नोकराची मी मुलगी!"

मला वाटलं आता शांतता होईल. पण लोकांनी "अरे वा!" केलं. कुणी माझा हात हातात घेतला. एक बाई म्हणाल्या, किती भाग्य, नवाबांची वस्तू तुमच्या घरात होती. साहेबांना तर हर्ष झाला. "फोटो, फोटो! मॅडम, बंदुकीशेजारी उभ्या राहा. सर, तुम्हीपण या." मला काचेशेजारी उभं केलं. भाऊ डाव्या बाजूला. फोटोवाला म्हणाला, थोडं सरका, पाटी दिसू दे.

तो फोटो त्याच दिवशी फोनवर आला. भावानं नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. पुण्यापासून नांदेडपर्यंत सगळ्यांनी अंगठे दाखवले, हात जोडले, मास्तरांचं नाव निघालं म्हणून लिहिलं. मी फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. पाटी स्वच्छ वाचता येते, नोकर हा शब्दसुद्धा. आणि तिच्याशेजारी मी उभी आहे. फोटोवाल्यानं सांगितलं म्हणून असेल, सवयीनं असेल, पण मी हसते आहे.