अर्नाळ्याच्या वाळूतला खो-खो

अर्नाळ्याला बसमधून उतरले आणि फिलोमिनाला विचारलं, मैदान कुठे आहे? तिने समुद्राकडे बोट दाखवलं. ओहोटीने उघडी पडलेली ओली वाळू, पलीकडे बेटावरचा किल्ला आणि अलीकडे वलांडीवर (मासळी वाळवायच्या बांबूच्या मांडणीवर) लटकलेले बोंबील. शाळेच्या मैदानात नव्या इमारतीसाठी खड्डे खणले होते, त्यामुळे सराव इथेच करायचा होता.

फिलोमिना भुईगावची. अर्नाळ्याच्या शाळेत ती मराठी शिकवते. मुलींच्या खो-खो संघाला शिकवायला कुणी नाही, असं तिने एका शिबिरात सांगितलं होतं. मी कॉलेजात असताना जिल्ह्याकडून खेळले होते. म्हणून नाताळच्या सुट्टीत दहा दिवस मोकळे काढले आणि कराडहून निघाले. तालुक्याच्या स्पर्धेत हा संघ पहिल्या फेरीपुढे कधी गेलेला नव्हता.

पहिल्याच दिवशी खांबाजवळ सूर मारून गडी कसा टिपायचा ते दाखवायला गेले, पाय रुतला आणि तोंडावर आपटले. मुली शहाण्या, हसू दाबून दुसरीकडे बघत राहिल्या. मग खपून चुन्याच्या रेघा आखल्या, तर सराव रंगात येतो न येतो तोच भरतीने त्या नेल्या. संध्याकाळी फिलोमिनाच्या घरी फुगे (आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे) आणि झणझणीत इंदाळ (व्हिनेगर घातलेलं मांसाचं कालवण) खाताना मी सरळ सांगून टाकलं की वाळूत खो-खो होणार नाही.

तरी होत होता, तो मयुरीमुळे. मयुरी कर्णधार, नववीत शिकणारी, बोलायला कमी, पण पडली की सगळ्यांच्या आधी उठून धावणारी. चौथ्या दिवशी ती आली नाही. घर शोधत गेले. तिची आई हिराबाई अंगणात बोंबील निवडत होत्या. मयुरी आत होती, बाहेर आली नाही.

"दरवर्सी जातात नि हरून येतात," हिराबाई मान वर न करता म्हणाल्या. "मंग दोन दिस पोर जेवत नाय. मना नाय बघवत."

मला वाटलं होतं कामाची अडचण असेल. "जिंकतील असं मी सांगत नाही," मी म्हणाले. "पण तुम्ही एकदा तिला खेळताना बघा."

त्यांनी तिला कधी खेळताना पाहिलंच नव्हतं. त्या बोंबील निवडत राहिल्या. दुसऱ्या दिवशी मात्र मयुरीबरोबर त्याही किनाऱ्यावर आल्या. माझ्या पुसलेल्या रेघांकडे बघितलं आणि पाणी कधी उतरतं, कधी चढतं ते समजावून सांगितलं. ओहोटी रोज पाऊण-एक तास पुढे सरकते, तसा आमचा सरावही सरकू लागला. कधी भल्या पहाटे, कधी टळटळीत दुपारी. वेळ संपली की त्या वलांडीजवळूनच हाक मारायच्या, "बाय, पानी चढतंय."

स्पर्धा विरारच्या एका शाळेत होती. तांबड्या मातीचं घट्ट मैदान. पहिल्या सामन्यात आमच्या मुली पाठलागाला उठल्या आणि मी डोक्याला हात लावला. रुतणाऱ्या वाळूत धावायची सवय झालेले पाय इथे असे सुटले की एकेक जण खांब ओलांडून पार पुढे जात होती. मयुरी तर पंचांच्या टेबलापर्यंत गेली. मध्यंतरात मी एवढंच सांगितलं की वळायच्या आधी एक पाऊल कमी टाका. त्यांनी टाकलं. त्यानंतर त्यांच्या हातून कुणी सुटेना आणि त्या कुणाच्या हाती लागेनात. पहिली फेरी जिंकलो, मग दुसरी. दुपारी अंतिम सामन्यात समोर गतवर्षीचा विजेता संघ होता.

शेवटच्या पाळीत गुण बरोबरीत होते. पाठलाग आमचा, मैदानात त्यांची एकच मुलगी उरलेली आणि वेळ अर्ध्या मिनिटाहून कमी. ती मुलगी बसलेल्या मुलींमधून नागमोडी साखळी घालत सगळ्यांना चुकवत होती. मयुरीला खो मिळाला तेव्हा ती मुलगी खांबाकडे वळली होती. मयुरीने तिला खांबापर्यंत जाऊ दिलं आणि मग सूर मारला. बोटांची टोकं टाचेला लागली. शिट्टी वाजली.

मला पुढचं नीट दिसलं नाही. फिलोमिना मला मिठी मारून रडत होती आणि मुली एकमेकींच्या अंगावर पडल्या होत्या. सकाळपासून कडेला उभ्या असलेल्या हिराबाई शांतपणे मैदानात आल्या, पदराने लेकीच्या सोललेल्या कोपरावरची माती पुसली आणि तिला जवळ घेतलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पुढल्या वर्सी कधी येनार?"

दुसऱ्या दिवशी निघाले तेव्हा पिशवीत सुकेळी (उन्हात सुकवलेली केळी) होती आणि दोन्ही गुडघे सुजले होते. घराचं दार उघडताच ह्यांनी विचारलं, "काय झालं?"

"आम्ही जिंकलो," मी म्हणाले.

बोलून गेल्यावर माझं मलाच जाणवलं. लग्न झालं, नोकरी केली, घर बांधलं, आणि या सगळ्याबद्दल सांगताना मी 'मी' किंवा 'आपण' म्हणत आले. ज्यांच्यासोबत घाम गाळला त्यांच्याबद्दल बोलताना येतो तो 'आम्ही' तीस वर्षांत तोंडात आला नव्हता. ह्यांनी चहा ठेवला आणि म्हणाले, "बस आता, सगळं पहिल्यापासून सांग." मी बसले नाही. खांबाजवळचा तो सूर उभ्यानेच दाखवावा लागतो.