चेपलेला पाईप आणि माझं ड्रॉइंग

काल भाचीने लॅपटॉपवर एक गंमत दाखवली. वाकवलेल्या पत्र्यावर तिने एक वळणदार रेघ काढली, बटण दाबलं... पत्रा सपाट झाला आणि रेघही त्याच्यासोबत उलगडली. मी बघतच राहिले, आणि मन थेट माझ्या गावी, सानगडीला गेलं... ऐंशीच्या दशकात.

तेव्हा मी पॉलिटेक्निकला होते, मेकॅनिकलला. वर्गात एकटीच मुलगी.

दिवाळीच्या सुट्टीत घरी आले, तर बाबा काम करायचे त्या राईस मिलमध्ये भुसा बाहेर फेकणाऱ्या पाईपचा तिरका फाटा सडून गळून पडला होता. ऐन धानाच्या हंगामात मिल बंद. आवारात पार एकोडी गावापर्यंतच्या बैलगाड्या खोळंबलेल्या...

बाबा मालकांना छातीठोकपणे म्हणाले, "माही पोरगी नकाशा काढून देते ना!"

फाट्यासाठी पत्रा कुठे कापायचा, त्याचा नकाशा दिवसभर बसून काढला. वर्तुळाचे बारा भाग, त्यावरून रेघा, त्यांना जोडणारं वळण... अगदी पुस्तकातल्यासारखं.

गावात पत्र्याचं काम जनार्दनमामा करायचे. नजर अधू झालेली, म्हणून कापायचं काम मामींकडे. मामींनी माझ्या रेघेवर पत्रा कापला, मामांनी वळवला... आणि फाटा बसेचना! एका बाजूला दोन बोटं फट. आता मिलमध्ये एकच पत्रा उरला होता.

बाबांनी तो उरलेला पत्रा माझ्यासमोरून उचलून भिंतीशी ठेवला. तेच जास्त लागलं.

मामांनी जुन्या पाईपवरून सावकाश हात फिरवला. "बेटा, तुह्या कागदातला पाईप गोल आहे. हा तं चेपला आहे... कसा बसन मंग?"

त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या जाड कागदाची सुरळी केली आणि पाईपला तिरकी टेकवून धरली. मामींनी सुरळीभोवती पेन्सिल फिरवली, कापलं, पुन्हा टेकवलं. मामा फटीवरून बोट फिरवत म्हणायचे, "अजून थोडं घे..." असं चार वेळा. मग सुरळी उलगडून पत्र्यावर ठेवली. रेघ जवळजवळ माझ्यासारखीच... फक्त पाईप चेपला होता तिथे पोट आलेलं.

फाटा चपखल बसला. संध्याकाळच्या आत मिल सुरू!

वाया गेलेल्या पत्र्याबद्दल माफी मागायला मी मामांकडे गेले. ते म्हणाले, "तुहं नाही चुकलं. पाईप नवा असता तं तुहा फाटा एका खेपेत बसला असता, मले चार लागतेत. मले आता दिसत नाही... तुही रीत हिले शिकवशील?"

दुसऱ्या दिवशी मी आणि मामी ओसरीवर बसलो. मामी कधी शाळेत गेल्या नव्हत्या. पत्र्यावर खिळ्याने रेघा ओढताना बारा मोजायला दोनदा चुकल्या, आणि खळखळून हसल्या. त्यांना सांगता सांगता मलाच पहिल्यांदा नीट कळलं, ते वळण तसं का येतं...

पुढे तीस वर्षं मी हेच शिकवलं. त्या दिवशी मामांनी मला हसण्यावारी नेलं असतं, तरी कोणी त्यांना दोष दिला नसता. त्यांनी मला शिक्षिका केलं.