ज्यांच्या हातात बांगडी न्हाई

सासूचं कवतिक करणारी सून कुणी बघितली न्हाई म्हणतात. मग मला बघा. मी नसीम, मंचरच्या मणेरांची, बांगड्या भरणाऱ्यांची सून. माझी सासू नूरजहाँ, तिला आमी अम्मा म्हणायचो. लई तिखट बाई. अंगठ्याशिवाय सही न्हाई, पण पुण्याच्या कॉलेजातल्या मास्तरानं जिच्याकडनं काम शिकलं अन् जिला काम शिकवलं, अशी आख्ख्या आंबेगावात दुसरी दाखवा. न्हाईच मिळायची.

दिल्लीला बादशाचा दरबार झाला, त्याच्या दुसऱ्या वर्सीची गोष्ट. मी नवी नवरी व्हते. अम्मा डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन रोज अवसरीला जायची. बुद्रुकला. वीस वर्सं तिथल्या बायांचे हात तिनं भरले. त्या गावात दोन वर्सांत नऊ बाळंतिणी गेल्या. त्यातल्या सातजणींना डोहाळजेवणाचा हिरवा चुडा अम्मानं सोताच्या हातानं भरला व्हता. घरी आली का जेवायची न्हाई, नुसती बसून ऱ्हायची.

तेवढ्यात हे मास्तर अवसरीत उतरले, गावाची पाहणी करायला. पुण्यातल्या बायांच्या एका मंडळानं ठरवलं व्हतं, ज्या गावात सहाशे जाणत्या बाया भरतील तितं शिकलेली नर्स ठेवायची, फुकट. मास्तर चावडीत बसले अन् बाप्यांना इचारायला लागले. कुंडलिक पाटील तंबाखू मळत सांगायचे, "आमच्यात बाया? लिहा दोन." घरात पाच. बाप्यांना म्हशी बराबर मोजता येतात, बाया न्हाई. चारशे अठरा भरल्या. मास्तर वही मिटून निघाले.

अम्मा वाटेत आडवी आली. टोपली खाली ठिवली अन् म्हणली, "मास्तर, चावडीत बसून बाया मोजता व्हय? तुमाला माजघरात कोण घेणार? मी घेते मोजून."

मास्तर शहाणे. हसले न्हाईत. "मोजता येईल," म्हणाले, "पण आधी शिकावं लागेल."

अन् शिकवायला बसले की! पहिल्याच घरी अम्मानं इचारलं, "दोघीच ना गं तुमी?" मास्तर बाहेर ओट्यावर व्हते, तितनंच म्हणाले, "नूरजहाँबाई, तुम्ही विचारत नाही, सांगताय. उत्तर तिच्या तोंडात घालू नका." अम्माचा पारा चढला. घरी येऊन भांडी आपटली. "वीस वर्सं दारोदार हिंडते मी, अन् हा मला इचारायचं शिकवतो!" पण दुसऱ्या दिवशी बराबर इचारलं. सासूसमोर सुनेला बोलतं करायचं न्हाई, एकच गोष्ट दोन वाटांनी काढायची, पटलं न्हाई तर परत त्या दारात जायचं, हे सगळं ती शिकली. मास्तरांनाही तिनं शिकवलं. बांगडी भरताना बाईचा हात हातात असतो, अन् हात धरला का तोंड आपोआप सुटतं. कागद बघितला का तेच तोंड मिटतं.

लिहिता येत न्हाई, म्हणून एका बाईमागं काचेचा एक तुकडा पिशवीत टाकायची, अन् सांजच्याला मास्तरांना घरं सांगायची, ते वहीत लिहायचे. महिनाभरात पिशवी जड झाली. मास्तरांनी तुकडे मोजले. पाचशे त्रेचाळीस.

"लिहा सहाशे!" पाटील म्हणले. "पुण्यासनं कोण मोजायला येतंय?"

अम्मा उसळली. "पाटील, मी फुटकी बांगडी कुणाच्या हातात घातली न्हाई, अन् खोटी बाईबी वहीत घालणार न्हाई." असं पाटलाला तोंडावर म्हणणारी बाई! मी आजबी सांगते तवा छाती भरून येते माझी.

पण सत्तावन्न कमी ते कमीच. मास्तर आळीआळीनं वही बघायला लागले. म्हणाले, "या आळीत अकरा घरं आहेत. तुम्ही सातच सांगितलीत."

"मग? बाकीच्या चार घरांत बाया न्हाईत."

"एकही नाही?"

"न्हाई म्हणते ना! तितं बांगडी भरणारं कुणी न्हाई."

"बांगडी भरणारं मी विचारलं नव्हतं," मास्तर म्हणाले. "बाई विचारली होती."

प्लेगानं त्या गावात दर आळीला कपाळं पांढरी केली व्हती. मणेरणीनं विधवेच्या दारात जायचं नसतं, ते जखमेवर मीठ चोळणं. म्हणून त्या दारांपुढनं अम्मा वीस वर्सं तोंड फिरवून गेली. अन् ज्या घरांत ती जायची तितंही, जावा-नणंदा हात पुढं करायच्या तवा मागं परसात बसलेली एखादी तिच्या पिशवीत आलीच न्हाई.

दुसऱ्या दिवशी टोपली घरी ठिवून ती गेली. पिशवीत काच न्हाई, चिंचोके. विधवेच्या नावानं बांगडीचा तुकडा कसा टाकायचा?

पहिलं दार सोनीबाईचं. चौदाव्या वर्सी कुंकू पुसलेलं, आता चाळिशीची. त्यांच्यात विधवेचा पाट लावायची, दुसरं लगीन करायची चाल न्हाई. अम्माला बघून ती कडाडली, "मणेरणी, माझ्या दारात? चेष्टा करायला आलीस?" अन् दार लावलं.

अम्मा परत गेली. दार परत लागलं. तिसऱ्या दिवशी ती उंबऱ्याबाहेर नुसती बसून ऱ्हायली, दुपार टळूस्तवर. शेवटी सोनीबाईनं पाण्याचा तांब्या आणून ठिवला. अम्मानं सवयीनं तिचा हात धरला. मोकळं मनगट. दोघीबी थबकल्या.

"बाया मोजतेय," अम्मा म्हणली. "तू ऱ्हायलीस. चूक माझी."

सोनीबाई म्हणली, "मी बाई हाये व्हय अजून?"

अम्मा सांगायची, त्या सवालाला मास्तरांनी शिकवलेलं काहीच कामी आलं न्हाई. ती रडली. मग दोघी रडल्या. मग सोनीबाईनं डोळं पुसलं. "मला नर्स काय करायची? पण माझी धाकटी जाऊ पोटातल्या पोरासकट गेली. धर मला मोजणीत. अन् चल माझ्यासंगं."

विधवा पहाटं सगळ्यांच्या आधी नदीवर जायच्या, कुणाला अपशकून नको म्हणून. सोनीबाईला एकूणएक म्हाईत. आठवड्यात सहासष्ट चिंचोके झाले. सहाशे नऊ! पुण्याच्या बाया खरंच तपासायला आल्या. पल्याडच्या एका गावानं आकडा फुगवला व्हता, ते उघडं पडलं. अवसरीच्या वहीत एक बाई जादा न्हाई, एक कमी न्हाई.

आखाडात नर्स आली. दुसऱ्या वर्सी माझं पोर आडवं आलं. मला गाडीत घालून अवसरीला नेलं, अन् त्या नर्सनं दोन जीव वाचवले. माझा महंमद हनीफ तितलाच.

मी खाटेवर पडून ऐकत व्हते. अम्मा साखर वाटायला निघाली, अन् आधी गेली ती सोनीबाईच्या दारी. पाटलीणबाई म्हणल्या, "अगं, नातवाची पहिली साखर विधवेच्या हातावर?"

"मग कुणाच्या?" अम्माचा आवाज आख्ख्या आळीत गेला. "पाचशे त्रेचाळीस भरल्या हातांनी नर्स आली न्हाई, बाई. ती आणली या मोकळ्या हातांनी."