मोजणीच्या दिवशी विमानांचा आवाज गेला

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. बीएस्सी, फिजिक्स. उतारा, करणी, अंगात येणं – यावरून मी सख्ख्या चुलत्याशी भांडलोय, एका जत्रेत तर मार खाता खाता वाचलोय. तेव्हा मला कुणी भोळा समजू नये. जे झालं ते सांगतो. पटवून द्यायची हौस आता राहिली नाही.

बारामतीच्या विमानतळापासून आमची वस्ती सरळ रेषेत दोन-अडीच किलोमीटर. शिकाऊ विमानं दिवसभर गोल फिरतात – उतरायचं, चाकं टेकवायची, परत उडायचं. दर चार-पाच मिनिटांनी एक, अगदी पत्र्यावरून. सवय झाली होती.

मग आईला अर्धांगवायूचा झटका आला आणि तिची वाचा गेली. दवाखान्यातल्या मॅडमनी रोज सकाळी तासभर बोलण्याचा व्यायाम दिला. मी त्याचं मोबाईलवर रेकॉर्डिंग करून त्यांना पाठवायचो. आई कसाबसा शब्द ओठांपर्यंत आणायची... आणि वरून विमान. दचकायची, तोंड घट्ट मिटायची, डोळ्यांतून पाणी. परत पहिल्यापासून. मॅडम म्हणाल्या, "सुरुवातीचे महिने गेले की गेले."

मी अर्ज केला. विमानं बंद करा असं म्हटलं नाही – सकाळी दहा ते अकरा फेरा पलीकडच्या माळावरून घ्या, एवढंच. वस्तीनं माझ्या शब्दावर सह्या दिल्या. बऱ्याच हेलपाट्यांनंतर आवाज मोजायला सरकारी साहेब मीटर घेऊन येणार असं ठरलं.

मीटरमध्ये दुसरा आवाज जायला नको म्हणून त्या दिवशी मी घरोघर सांगून आलो. विहिरींवरच्या मोटारी बंद, कडबाकुट्टीची यंत्रं बंद. उसाचे ट्रॅक्टरवालेसुद्धा गाणी बंद करून गेले! मोबाईल रोजच्यासारखा रेकॉर्डिंग लावून आईच्या खाटेजवळ ठेवला, तात्यांना – माझ्या वडिलांना – तिच्यापाशी बसवलं आणि अंगणात आलो. साहेब मीटर मांडून बसले होते, सह्या देणारेही जमले होते.

पहिलं विमान आलं. नेहमीइतकंच खाली, पंखाखालची अक्षरं वाचता येत होती. सावली अंगणातून सरकत गेली... आणि आवाज नाही. अजिबात नाही. साहेबांचं पेन कागदावर घासत होतं, ते ऐकू येत होतं.

दुसरं आलं. तसंच. तिसरं. मीटरवर लिंबातल्या चिमण्या तेवढ्या.

"बीएस्सी," शेजारचे बापूराव म्हणाले, "तुझं इमान पाव्हण्याला लाजलं बघ!"

सगळे हसले. साहेब हसले नाहीत.

"साहेब, विमान दिसलं ना तुम्हाला?"

"दिसलं. ऐकू आलं नाही. आईंचं वाईट वाटतं, पण असले अर्ज करत जाऊ नका."

माझी सही घेतली आणि चहा न घेता गेले. सह्या देणारेही एकेक करून उठले. जाताना माझ्याकडं कुणी बघितलं नाही.

आत गेलो तर तात्या रडत होते.

"आरं, तुझी आय बोलली! सुनील म्हणाली. तीनदा हाक मारली तुला. आला का न्हाईस?"

खाटेपासून अंगण दहा पावलं. दार सताड उघडं.

"मला ऐकूच आलं नाही, तात्या."

"कसं यील? इमानं केवढी बोंबलत व्हती!"

मी रेकॉर्डिंग लावलं. सगळं होतं. तीन विमानं, पत्र्याची थरथर, आणि मधे मधे आईचा आवाज – "सु... नील." तिसरी हाक तर एकदम स्पष्ट.

साहेबांना पाठवलं. उत्तर आलं – नोंद अधिकृत उपकरणाची नसल्याने ग्राह्य धरता येत नाही. अर्ज निकाली. कॉलेजच्या सरांना विचारलं. वाऱ्याची दिशा, हवेचे थर, बरंच बोलले आणि शेवटी म्हणाले, "दहा पावलांत? नाही रे, बसत नाही कशातच." माझ्याही डोक्यात बसत नाही. आजपर्यंत नाही.

आता आई इंदापूरकडं, निमगाव केतकीला मावशीच्या घरी असते. तिथं वरून काहीच जात नाही. मावशी रोज सकाळी तिच्यासमोर बसते, ओठ हलवून दाखवते. मी गेलो की आई माझ्याकडं बघते आणि मान फिरवते. त्या दिवसानंतर तिनं एक अक्षर काढलेलं नाही. तीन हाका मारल्या आणि पोरगा आला नाही, एवढंच तिला माहीत आहे.